रविवारचा फोटो

८ फेब्रुवारी

वहिनी,

तुझा फोन तीन आठवडे बंद आहे. मी दिवसातून चारदा लावते आणि ती यंत्रातली बाई मला चारदा सांगते, की हा नंबर सध्या बंद आहे. घोषणा करणारीलाच घोषणा ऐकवते! शेवटी बसस्टँडवरच्या दुकानातून पाकीट आणलं. शेवटचं पत्र कधी लिहिलं होतं ते आठवत नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

धाकट्याला जाऊन परवा सात महिने होतील. माझा एकुलता एक भाऊ गुरुवारी दुपारी जेवला, हात धुतले, हत्यारांची पिशवी दाराशी ठेवली आणि बाहेर पडला तो पडलाच. पोलिसांनी नोंद केली आणि गप्प बसले. मी बसायची नाही. बत्तीस वर्षं स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत माइकसमोर काढली आहेत मी. मूल हरवो, म्हातारा हरवो, नाहीतर कोणाची छत्री. नाव, वय, अंगावरचे कपडे, तीनदा खणखणीत सांगितलं की सापडतं. आता माइकच्या जागी ही फोटोंची साइट आहे एवढंच. त्याचा फोटो मी चौदा ग्रुपांवर टाकलाय, खाली तुझा नंबर दिलाय. नऊ हजार लोकांनी पुढे पाठवलाय. नऊ हजार! आपल्या सगळ्या नातेवाइकांची बेरीज केली तरी दीडशेच्या वर जात नाही.

आणि तू काय टाकतेस? मी तुझं पान बघितलं. दर रविवारी एक फोटो. मागच्या रविवारी स्वयंपाकघरातला गळका नळ. त्याच्या आधी खिडकीची जाळी. त्याच्या आधी भिंगरीने खडूने काढलेलं घर. नवरा बेपत्ता, आणि बायको नळाचे फोटो टाकते! लोक मला विचारतात, मी काय सांगू? एकदा तरी त्याचा फोटो टाकशील की नाही?

रागावले नाही. जीव टांगणीला लागलाय, म्हणून बोलते. लहान भावाची बायको तू, तरी पहिल्या दिवसापासून तुला वहिनीच म्हणत आले, तेवढ्या हक्काने बोलते. भिंगरीचं गणित सुधारलं का?

ताई

१४ फेब्रुवारी

ताई,

फोन बंद आहे कारण फोटोखाली तुम्ही माझा नंबर दिलात. पहिल्या दिवशी एकशे बारा फोन आले. एकाने त्याला बघितलं म्हणून सांगितलं आणि मग विचारलं, तुम्ही घरी एकट्याच असता का. एक बाई नुसती रडत होती, तिचा मुलगाही असाच बेपत्ता आहे आणि तिला कोणाशी तरी बोलायचं होतं. तिच्याशी बोलले. बाकीच्यांशी बोलवेना. एक्स-रेच्या खोलीत पेशंटला श्वास रोखून धरा म्हणायचं आणि खिशात फोन थरथरत राहायचा. एकदा दचकून मी बटण आधीच दाबलं आणि एका आजोबांच्या छातीचा फोटो दोनदा काढावा लागला. त्यांना उगाच जास्तीची किरणं बसली.

नवा नंबर घेतलाय. तो शाळेत आणि दवाखान्यात दिलाय. तुम्हाला देत नाही, राग मानू नका. तुम्ही तो जपून ठेवाल असं वाटत असतं तर पहिल्यांदा तुम्हालाच दिला असता.

माझ्या फोटोंचं विचाराल तर मन रमवायला टाकते. दुसरं काही नाही. तो फोटो मात्र कृपा करून काढा. त्याला बघितलं असं सांगत लोक आता दारातही यायला लागलेत.

भिंगरीला गणितात अठरा मिळाले, वीसपैकी.

तुमची भावजय

१९ फेब्रुवारी

वहिनी,

मन रमवायला! मी काल पुन्हा तुझं पान नीट बघितलं. चष्मा लावून बघितलं. आता मी जे विचारणार आहे ते विचारताना माझीच जीभ जड झाली आहे, पण पोटात ठेवणं मला जमत नाही हे तुला माहीत आहे.

हा ‘उघडझाप’ कोण?

तुझ्या प्रत्येक फोटोला त्याचा लाल बदाम. जाळीला बदाम, नळाला बदाम! आणि रोज नाही, फक्त रविवारी, तू फोटो टाकल्यावर तासाभरात. मी त्याच्या पानावर गेले. नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही. नुसती कुलपं, कड्या आणि बिजागऱ्या. तू नळाचा फोटो टाकलास, आणि दोनच दिवसांनी त्याने एक नळ उघडून, आतले सगळे भाग ओळीने फडक्यावर मांडून फोटो टाकलाय. मी काय दूधखुळी आहे?

तू तरुण आहेस, चाळीसही नाहीस. माणसाला एकटेपण येतं हे मला कळतं, मी स्वतः बावीस वर्षं एकटी आहे. पण सात महिने, वहिनी? तो कुठल्या खड्ड्यात पडलाय, जेवलाय की नाही हे ठाऊक नसताना? मी इकडे परक्यांच्या पाया पडते आणि तू नळ टाकतेस, तो कोण उपटसुंभ त्याची उत्तरं देतो. लोकांच्या लक्षात यायच्या आधी काय ते सांग. भिंगरीला ठाऊक आहे का?

ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

तुमचं पत्र मी दवाखान्याच्या जिन्यात वाचलं. पुढे तीन पेशंट झाले, मग पुन्हा वाचलं. सांगणार नव्हते. पण तुम्ही भिंगरीचं नाव घेतलंत, म्हणून सांगते.

तुमच्या घरातले विजेचे बोर्ड त्याने बसवलेत ना? उठा आणि त्यांचे स्क्रू बघा. प्रत्येक स्क्रूची खाच उभी आहे. वरपासून खालपर्यंत, एकही आडवी नाही, तिरपी नाही. बारा वर्षांत त्याने हात लावलेल्या एकाही वस्तूवर मला आडवी खाच दिसली नाही. मी चिडवायचे, की स्क्रूंची कवायत घेतोस का. तो म्हणायचा, ढिला झाला तर लांबूनच कळतो.

आता ‘उघडझाप’च्या बिजागऱ्या बघा.

ऑक्टोबरमध्ये, तो गेल्यावर तीन महिन्यांनी, मी टाकलेल्या एका जुन्या फोटोला त्या खात्याचा बदाम आला. मी त्या पानावर गेले आणि फोटो मोठा करून एकेक खाच बघितली. तो जिवंत होता. कुलपं दुरुस्त करत होता. कुठे, कोणाकडे, मी विचारलं नाही. ताई, तुम्ही म्हणाल, का नाही विचारलंस? वर्षापूर्वी तो सांभाळायचा ती लिफ्ट एक मजला खाली आदळली आणि त्या निवृत्त मास्तरांचा पाय गेला, तेव्हापासून त्याला कोणी काही विचारलं की तो खोलीतून उठून जायचा. चौकशीत निघालं, की दोरच कारखान्यातून खराब आला होता. कोणी त्याच्याकडे बोट दाखवलं नाही. पण त्या सकाळी तपासणीच्या वहीत सही त्याची होती. तो रोज संध्याकाळी त्या इमारतीसमोर जाऊन उभा राहायचा. मी रोज विचारायचे, जेवलास का, झोपलास का, काय झालं, बोल ना. विचारून विचारून मी त्याला घराबाहेर काढला, असं मला कधी कधी वाटतं.

म्हणून या वेळी विचारलं नाही. मी रविवारी घरातलं एक काहीतरी दाखवते. तो बदाम देतो, म्हणजे बघितलं. कधी उत्तर देतो. नळ गळत होता, त्याने उघडून दाखवला, मी तसाच उघडला आणि दुरुस्त केला. वायसर बदलायचा होता. हसाल तुम्ही, पण लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एकमेकांशी इतकं कधी बोललो नव्हतो.

माझं कामच तसं आहे. मी लोकांची हाडं बघते आणि गप्प बसते. पेशंट माझ्या तोंडाकडे बघत राहतात, पण सांगणं डॉक्टरांकडे असतं. बघून गप्प बसायची मला सवय आहे. तुम्हाला नाही, म्हणून हात जोडून लिहिते: कोणाला सांगू नका. त्याच्या पानावर काही लिहू नका. बदामही देऊ नका. आपण त्याला ओळखलंय हे जगाला कळलं, की तो तिथूनही जाईल. माझ्याकडे त्याचं एवढंच उरलंय.

तुमची भावजय

३ मार्च

वहिनी,

आधी मला माफ कर. काय काय लिहिलं मी तुला! खुर्चीवर चढून बोर्डाचे स्क्रू बघितले आणि खुर्चीवरच रडत उभी राहिले. जिवंत आहे! माझा धाकटा जिवंत आहे आणि कुलपं दुरुस्त करतोय!

आता पुढचं ऐक आणि चिडू नकोस. चार दिवस मी पोटात ठेवलं. खरंच ठेवलं. खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा सांगताना दोनदा चुकले, साहेब विचारायला आले की बाई बरं नाही का. पण वहिनी, माणूस कुठे आहे ते ठाऊक नसताना गप्प बसणं एक, आणि समोर दिसत असताना गप्प बसणं वेगळं. पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या एका बिजागरीखाली मी फक्त एक ओळ लिहिली. ‘धाकट्या, ताई बोलतेय. घरी ये रे बाळा.’ एवढंच. आणि तो फोटो आपल्या ग्रुपांवर टाकला, म्हणजे आसपासचं कोणी असेल तर त्याला प्रेमाने समजावेल.

दुपारपर्यंत सहा हजार झाले! एकाने मागचं हिरवं शटर ओळखलं. तिथले दोघेजण मोटारसायकल काढून निघालेतसुद्धा. परक्या माणसासाठी कोण करतं गं एवढं? मी तीन दिवसांची रजा टाकली आहे. तो आला की लगेच निघते. भिंगरीला अजून सांगू नकोस, दारात अचानक बाबा दिसू देत.

आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण तू नाही म्हणाली असतीस.

तुझी ताई

९ मार्च

वन्सं,

आज ताई म्हणवत नाही.

ते दोघे पोचले. त्यांनी व्हिडिओ काढून त्याच साइटवर टाकलाय. एक्केचाळीस सेकंदांचा आहे. हिरवं शटर, खाली गोणपाट, त्यावर त्याची मांडामांड. तो मान खाली घालून काहीतरी घासतोय. दाढी पांढरी झाली आहे. एकजण म्हणतो, ‘काका, घरचे रडतायत, इकडे बघा.’ तो वर बघतो. मग दुसरा म्हणतो, ‘अरे, हाच तो लिफ्टवाला.’ तेवढ्या वेळात त्यांनी जुनी बातमीही शोधून काढली होती. तो हात पुढे धरतो, फोन ढकलतो आणि पळतो. फडक्यावरचं सगळं तसंच टाकून पळतो. ते हसतात. मागे पळतात. संपलं.

खाली लोकांनी लिहिलंय. काहींनी रडक्या बाहुल्या टाकल्यात. काहींनी लिहिलंय, मास्तरांचा पाय कोण परत देणार. एकाने लिहिलंय, बायकोलाच नको असेल. मग ते माझ्या पानावर आले आणि नळाखाली, जाळीखाली, भिंगरीच्या घराखाली लिहायला लागले. भिंगरीच्या वर्गातल्या एका मुलीने तिला तो व्हिडिओ मधल्या सुट्टीत दाखवला. नऊ महिन्यांत, की आठ महिन्यांत, मला आता मोजताही येत नाही, तिने बापाला पहिल्यांदा बघितलं ते पळताना.

‘उघडझाप’ शोधलं की असं खातं नाही म्हणून येतं.

तुम्ही येऊ नका. रजा रद्द करा. तुमचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण ते फार मोठ्याने बोलतं. मी आता फोटो टाकणार नाही. टाकून कोणाला दाखवू?

भावजय

२ एप्रिल

ताई,

पाकिटावर पत्ता घातला नाही. शिक्क्यावरून शोधू नकोस, मी त्या गावात राहत नाही. बस बदलताना टाकलं.

तुझ्यावर राग नाही. सहा वर्षांचा असताना मी बाजारात हरवलो, तेव्हा तू अशीच ओरडत फिरली होतीस, आवाज बसेपर्यंत. तो आवाज ऐकून मी आलो. पण ताई, तेव्हा मी हरवलो होतो. या वेळी मी निघून आलोय. आता कोणी नाव घेऊन हाक मारली की पाय आपोआप उलटे वळतात.

काम मिळालंय. कड्या, कुलपं, कपाटांची दारं. लिफ्ट असेल तिथे जिन्याने जातो, बाकी ठीक आहे. जेवतो.

पत्राचं कारण वेगळं आहे. मी दुसरं खातं काढलंय. त्यावर काही टाकत नाही, बदाम देत नाही, नुसतं बघतो. तीन रविवार तिने फोटो टाकला नाही. पहिल्या रविवारी वाटलं विसरली. दुसऱ्या रविवारी भिंगरीला ताप असेल असं वाटलं. तिसऱ्या रविवारी कामावर गेलो नाही. घरात सगळं बरं आहे ना?

मला कळवायला पत्ता देऊ शकत नाही. बरं असेल तर तिला फोटो टाकायला सांग, मला तेवढ्यावरून कळेल. पण मी बघतो हे तिला सांगू नकोस. कळलं तर ती उत्तराची वाट बघेल, आणि माझ्याच्याने आता उत्तर देववत नाही. परत येईन असं लिहिलं तर खोटं होईल. येणार नाही असं लिहवत नाही.

हे पोटात ठेव. आयुष्यात एकदा ठेव.

धाकटा

६ एप्रिल

वहिनी,

येऊ नका म्हणालीस म्हणून आले नाही. महिनाभर लिहिलंही नाही, कारण माफी कुठून सुरू करायची तेच समजेना. त्या दोघांच्या हाती मी त्याला दिला. दुसऱ्या कोणी नाही, मी. हे आता दिवसातून शंभरदा माझ्या कानात वाजतं.

चौदाही ग्रुपांवर जाऊन मी हात जोडले, की फोटो काढा. पाच जणांनी काढला. बाकीचे विचारतात, का, सापडला का, मग शेवट तरी सांगा. व्हिडिओ ज्याने टाकला तो तर उत्तरही देत नाही. टाकताना एका बोटाचं काम होतं. आता दोन्ही हातांनी ओढते तरी परत येत नाही.

एक सांगायचं आहे. रविवारचा फोटो तू पुन्हा टाकत जा. खाली लोकांना लिहिता येणार नाही अशी सोय असते म्हणतात, ती कर, पण टाक. काहीही टाक. घरात सगळं बरं आहे, भिंगरी बरी आहे, एवढं दिसेल असं काहीही. का ते विचारू नकोस. मी लपवत काही नाही. मला आपलं वाटलं म्हणून लिहिलं. खरंच काही लपवत नाही.

येत्या रविवारीच टाक, पुढे ढकलू नकोस.

ताई

१२ एप्रिल

ताई,

पाकीट हातात घेतलं तेव्हाच वजन कमी लागलं. पाच-पाच पानं लिहिणाऱ्या तुम्ही, आणि दीड पान. त्यात दोनदा लिहिलंय, की मी काही लपवत नाही. बारा वर्षांत तुम्ही माझ्यापासून काहीही लपवलेलं नाही. माझ्या हातचं कसं झालंय तेसुद्धा नाही. त्यामुळे कळायला वेळ लागला नाही.

त्याने लिहिलंय. तुम्हाला.

पत्र मागत नाही. काय लिहिलंय तेही विचारत नाही. तुम्ही शब्द दिला असेल तर पाळा, आयुष्यातला पहिलाच असेल. तो जिवंत आहे, आणि रविवारी बघतो, एवढं तुमच्या ‘काहीही टाक’वरून मला मिळालं. तेवढ्यासाठी तुमचे उपकार मानते.

पण मला राग आलाय, आणि तो तुमच्यावर काढते, कारण पत्ता तुमचाच माझ्याकडे आहे. पाच महिने मी त्याला एका शब्दाने विचारलं नाही. कुठे आहेस नाही, कधी येतोस नाही, मला का सोडलंस नाही. लोक बोलले, तुम्ही बोललात, मी दातांवर दात ठेवून नळ आणि जाळ्या दाखवत राहिले. आणि इतक्या महिन्यांतली त्याची पहिली अक्षरं गेली कोणाकडे, तर जिने सगळ्या जगाला ओरडून सांगितलं तिच्याकडे. काल कामावर दोन पेशंटच्या मधे अंगातला शिशाचा एप्रन न काढता स्टुलावर बसून रडले. बाहेर दिवा लाल होता म्हणून कोणी आत आलं नाही.

रडून झाल्यावर मग मी माझे सगळे फोटो ओळीने बघितले. एकवीस रविवार. एकवीस रविवार मी त्याला दाखवत आले, की तुझ्यावाचून घर चाललंय. नळ दुरुस्त झाला, जाळी बसली, मुलीने चित्र काढलं. मला वाटायचं, मी त्याला परत यायला दार उघडं ठेवते आहे. त्याला लांब राहणं सोपं करत होते, दुसरं काय! एकाही फोटोत मी नाही.

तुम्ही म्हणता तसं, लोकांना खाली लिहिता येणार नाही अशी सोय केली. आज सकाळी भिंगरीच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, माझा एक फोटो काढ. मी स्वयंपाकघरातून तशीच आले होते, केस न विंचरता. ती म्हणाली, आई, हस ना. म्हटलं, नाही, आहे तशी काढ. तिने तीन काढले. तिसऱ्यात मी सरळ समोर बघते आहे. डोळ्यांखाली काळं आहे, कानशिलावर पांढरे केस आहेत, तो गेला तेव्हा ते नव्हते.

तोच टाकलाय, दहा वाजता. खाली काही लिहिलं नाही. बघू दे त्याला.

तुमची भावजय